आठवी ‘ब’ला दिसलेल्या पेशी

उद्देश:

कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघाव्यात. बस, एवढाच. मैत्रेयीबाई कात्रपच्या या शाळेत सहा वर्षं विज्ञान शिकवत होत्या आणि सहा वर्षं पेशी खडूनेच काढत होत्या.

साहित्य:

कांदा, ब्लेड, आयोडीन, काचपट्ट्या. हे सगळं बाईंनी घरून आणलं. शाळेकडून फक्त मायक्रोस्कोप हवा होता. तो होता. ऑफिसातल्या काचेच्या कपाटात, बक्षिसांच्या ढालींमध्ये. किल्ली क्लार्क राजेंद्रभाऊंकडे.

“पोरं हात लावतात, बाई.”

“हात लावायलाच हवाय.”

“इन्स्पेक्शन होऊ दे, मग न्या.”

इन्स्पेक्शन झालं. मग सहामाही. मग दिवाळी. मधे उल्हासनगरला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, विषय ‘प्रेरणादायी विज्ञान अध्यापन’. बाईंना एक फाइल, एक बिल्ला आणि एकोणीस व्हिडिओ मिळाले. पहिल्याच व्हिडिओत कुठल्याशा परदेशी वर्गात प्रत्येक मुलासमोर एकेक मायक्रोस्कोप होता. बाईंनी तो अर्ध्यात बंद केला.

कृती:

शेवटी मुख्याध्यापकांच्या शब्दावर किल्ली निघाली. अट एकच, शिपाई आण्णा शेजारी बसून राहणार. पस्तीस मिनिटांच्या तासाला आण्णा पंधरा मिनिटं उशिरा आले.

कृती (जशी घडली तशी):

बाईंनी काचपट्टी घाईत ठेवली, आरसा खिडकीकडे वळवला, मॉनिटर विनीतला म्हणाल्या, “फिरकी फिरवून बघ, स्पष्ट दिसेपर्यंत.” स्वतः आधी बघायला हवं होतं. पण तोवर रांगेत ढकलाढकली सुरू झाली होती आणि बाई तिकडे धावल्या.

निरीक्षण:

विनीत : दिसल्या, बाई.

जितेश : मस्त दिसल्या.

अनुया : केंद्रकपण दिसलं.

असे बावीस जण. बावीस वह्यांत बावीस सुबक चित्रं, पट्टीने ओढलेल्या रेघा, नावं दिलेली. तेविसावी प्रीती. ती डोळा लावून बराच वेळ उभी राहिली.

“बाई, मला काय दिसत नाय. लाल लाल आहे नुसतं.”

“चष्मा लाव, ढापणे,” विनीत मागून म्हणाला.

बाईंनी स्वतः डोळा लावला. लाल धुकं. पेशी नाही, कांदा नाही, काही नाही. खालच्या भिंगावर कुंकवाचं बोट उठलं होतं.

“आण्णा, हे काय?”

“खंडेनवमीला लावलं ना बाई. हार्मोनियमला, कॉम्प्युटरला, सगळ्यांना.”

“भिंगावर?”

“तेच त्याचं तोंड वाटलं. बाकीकडनं पुसलं जातं.”

आण्णांवर बाईंना रागावताच आलं नाही. राग बावीस वह्यांचा होता. आणि अशा वह्या भरायला कोणी शिकवलं, या प्रश्नाचा.

“विनीत, तुला काय दिसलं?”

“बुकात आहे ते.”

“बुकातलं नको सांगू. इथे.”

विनीत बुटांकडे बघत म्हणाला, “लाल.”

“मग लाल का नाही म्हणालास?”

“चुकलं असतं, बाई.”

निष्कर्ष:

(कोरा.)

कृती, नव्याने:

बाईंनी स्वच्छ रुमाल प्रीतीच्या हातात दिला. आण्णा उठले. “पोरीला नका देऊ, भाऊ मला बोलतील.”

“मला बोलू देत.”

प्रीतीने भिंग हलक्या हाताने पुसलं. तेवढ्यात घंटा झाली आणि हिंदीच्या सोनियाबाई दारात उभ्या राहिल्या. “माझा तास आहे, मॅडम. परवाचाही तुम्हीच घेतलात.”

“आजचाही द्या. उद्या माझे दोन घ्या.”

“आणि पोर्शन?”

बाईंनी आरसा पुन्हा खिडकीकडे वळवला. सोनियाबाई शेवटच्या बाकावर बसल्या आणि तपासायच्या वह्या काढल्या.

“सगळ्यांनी चित्रं खोडा,” बाई म्हणाल्या. “पुन्हा रांग.”

“मार्क जातील, बाई.”

“जाऊ देत.”

प्रीती पुन्हा वाकली. फिरकी एकदा इकडे, एकदा तिकडे. “बाई, पेशी वाकड्या आहेत. आणि एक काळा गोल आहे, जाड कडेचा. तो बुकात नाय.”

तो हवेचा बुडबुडा होता. पट्टी घाईत ठेवल्याचा. बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं.

“दिसतोय ना?” त्या म्हणाल्या. “काढ.”

विनीत खोडरबर शोधत रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.