न उघडलेली घडी

मी एक जुना स्कॅनर आहे. छत्रपती संभाजीनगरच्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात, खिडकीजवळच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. हल्ली माझ्या झाकणावर चहाचे कप ठेवतात. मित्रांनो, मला त्याचा राग येतो, हे लपवून काय उपयोग?

मी आलो तेव्हा माझा थाट वेगळा होता. जुने प्रबंध संगणकावर घ्यायचे, म्हणजे गावातल्या मुलांनाही मोबाइलवर वाचता येतील, असं ग्रंथालयानं ठरवलं होतं. शिपाई पुंजाराममामांकडे माझं काम आलं. ते रोज सकाळी धुतलेल्या सुती फडक्यानं माझी काच पुसत आणि मगच पहिलं पान पालथं घालत. कागदाला तर ते तान्ह्या लेकरासारखं जपत. “लई नाजूक झालाय, उगं ताणायचा नाय,” असं स्वतःशीच पुटपुटत. ग्रंथपाल राजनंदिनी मॅडम एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या, “मामांच्या हातून एक पान फाटलं नाही.” तेव्हा मामांबरोबर मीही फुगलो होतो.

मग नवं यंत्र आलं. ते कागद एका बाजूनं गिळतं आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर टाकतं. माझं नाव भंगारात काढायच्या वस्तूंच्या यादीत गेलं. त्याच यादीत मी टिपलेल्या जुन्या प्रबंधांचे गठ्ठेही होते. संगणकावर आहेत, मग जागा कशाला अडवायची, असा हिशेब होता.

गेल्या गुरुवारी सृष्टी आली. ती पैठणकडच्या मेंढपाळ घरातली, संगणकावर नकाशे तयार करून पीएच.डी. करते. कळपांना पाणी पाजायच्या जुन्या जागा तिच्या बानाआजीला तोंडपाठ आहेत. त्या आता जायकवाडीच्या पाण्याखाली आहेत. पण तिच्या संशोधन समितीनं विचारलं होतं, याला लेखी आधार काय? सोमवारी आधार दाखवला नाही, तर आजीचे पाणवठे प्रबंधातून वगळावे लागणार होते. धरणाआधीच्या एका प्रबंधात तसा नकाशा असल्याचं तिला सूचीत सापडलं होतं.

तिनं संगणकावर त्या प्रबंधाचं शेवटचं पान उघडलं. नकाशा होता, पण चौघडी घातलेला. वर फक्त पिवळा कोरा कागद दिसत होता.

“मामा, हे तर उघडलंच नाही.”

पुंजाराममामा पडद्याजवळ वाकले. “व्हय. मीच तसा ठिवला. उघडला तर फाटंल, असं वाटलं मला.”

दोष माझाही आहे, मित्रांनो. घडीच्या आतल्या रेषा माझ्या उजेडात पुसट दिसल्या होत्या. पण समोर ठेवलं तेवढंच टिपायचं, एवढीच माझी अक्कल.

गठ्ठे मागच्या व्हरांड्यात सुतळीनं बांधून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते न्यायला टेम्पो येणार होता. मामा आणि सृष्टी एकेक गठ्ठा सोडत गेले. प्रबंध हाती लागला तेव्हा दोघंही धुळीनं माखले होते.

राजनंदिनी मॅडमनी नवं यंत्र पाहिलं, नकाशा पाहिला. “यात घातला तर तुकडे होतील,” त्या म्हणाल्या. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कप उचलले गेले.

मामांनी फडकं आणून माझी काच पुसली आणि घडी उघडायला घेतली. एक कोपरा टरकन फाटला. मामांचे हात थांबले.

“फाटू द्या मामा,” सृष्टी म्हणाली. “तो कोपरा कोराच आहे.”

नकाशा मोठा होता, म्हणून चार वेळा सरकवून टिपावा लागला. तिसऱ्या वेळी माझा दिवा लुकलुकला. मला मूठ नाही, तरी मी जीव मुठीत धरून होतो. दिवा टिकला.

सृष्टीनं तिथूनच आजीला फोन लावला. “आजी, ऐक. चिंचखडी, मग जांभूळडोह, मग...”

“मग धोंडीचं पाणी,” पलीकडून बानाआजी म्हणाली. “तिथं उतार हाय. मेंढरं हळू न्यावी लागत्यात.”

सृष्टीनं नकाशावर बोट ठेवलं. ‘धोंडीचे पाणी’ असं लिहिलेलं होतं, आणि शेजारी बारीक अक्षरात ‘उतार’. तिला पुढचं नाव वाचवेना. मामांनी चष्मा काढून पुसला.

सकाळी आलेला टेम्पो मॅडमनी रिकामा परत पाठवला. आता मामा रोज एकेक गठ्ठा सोडून बसतात. माझं नाव अजून यादीत आहे. मित्रांनो, मला कधी काढायचं ते तुम्ही ठरवा. पण जुना कागद टाकण्याआधी तो एकदा उघडून बघा. नुसतं जपून ठेवलं की काम झालं, असं मामांना आणि मला इतकी वर्षं वाटत होतं.

काल अजून एक घडी निघाली. मामांनी माझी काच पुसली आणि म्हणाले, “हळू, पण उघडायचं.”