एकशेऐंशी प्राणांचा नाग

"राक्षसाला हात लावायचा नाही, समजलं? अगदीच जड जायला लागलं तर जमिनीला हात लाव."

दादा हे सांगायचा तेव्हा त्याच्या बोटांत पेन्सिल असायची आणि पुढ्यात तपकिरी कागदावर काढलेला डोंगर. तिनं, धाकट्या बहिणीनं, मान डोलावली होती. मान डोलवायला काय लागतं! दादाला जाऊन दोन वर्षं झाली, रविवारच्या खेळातली सूत्रधाराची खुर्ची तिच्याकडे आली. त्या वाक्याचा अर्थ मात्र तो आपल्यासोबतच घेऊन गेला होता.

रविवारी दुपारी घड्याळवाल्याच्या दुकानाचं शटर अर्धं खाली यायचं. मागच्या खोलीत, भिंतभर चाललेल्या टिकटिकीत, चौघं टेबलाभोवती बसायची. ती गोष्ट सांगायची आणि बाकीचे तिघं त्या गोष्टीत राहायला जायचे. आठवडाभर चिमट्यानं स्क्रू उचलणारा घड्याळवाला तिथं डोंगराएवढा योद्धा व्हायचा. दादाची बायको, म्हणजे वहिनी, जिनं जन्मात कुणाची टाचणी उचलली नव्हती, ती अट्टल चोरटी. आणि ज्यांनी दोघा बहीणभावांना गणित शिकवलं ते मास्तर झाले होते वैद्य. त्यांनी शब्द उच्चारला की जखम भरायची. कुणाचा वार लागला, कुणाचा हुकला, ते वीस बाजूंचा फासा सांगायचा.

ती स्वतः एरवी औषधाच्या दुकानात पुड्या तोलायची. लढाई जुळवणं तिला त्याच कामातलं वाटे. शत्रू फार हलका तर जांभया, फार जड तर रडारड. तिघांना पेलेल, पण घाम फुटेल, एवढाच हवा. दादाचा एक रिवाज होता. लढाईआधी शत्रूचे प्राण किती, म्हणजे घावांची बेरीज कितीवर गेली की तो पडेल, ते चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठी टेबलावरच्या बंद पडलेल्या घड्याळाखाली ठेवायची आणि शत्रू पडला की सगळ्यांदेखत उघडायची.

त्या रविवारी तिनं लिहिलं, एकशेऐंशी. डोंगरातल्या खिंडीत नाग वेटोळं घालून बसला होता. त्याच्या पलीकडे उतार, उताराखाली समुद्र. तिथं पोचायला मास्तरांचा वैद्य चार वर्षं चालत होता.

पण गेल्या वर्षापासून मास्तर विसरायला लागले होते. आधी चष्मा, मग आज कुठला वार ते, मग खेळातली स्वतःची पाळी.

"वैद्यबुवा, तुमची पाळी! मी आडवा पडलोय इथं," घड्याळवाला ओरडला.

"हो, हो... तो शब्द कुठला बरं..."

"घ्या सावकाश," वहिनी म्हणाली. "आडवा असला की तेवढाच गप्प असतो हा."

सगळे हसले, मास्तरही हसले. पण त्यांचा हात कागदावरून आंधळ्यासारखा फिरत होता. दुसऱ्या फेरीत तेच, तिसऱ्या फेरीतही तेच. वहिनीची चोरटी पडायला आली. सूत्रधाराचे फासे कुणाला दिसू नयेत म्हणून त्यांच्यापुढे पुठ्ठ्याचा आडोसा असे. त्याच्यामागं सूत्रधार म्हणून तिनं फासा टाकला, त्याच्याकडे पाहिलंही नाही, आणि म्हणाली, "नाग कोसळला!"

घड्याळवाल्यानं टाळी वाजवली. मास्तरांनी मात्र पेन्सिल खाली ठेवली. आपली पाळी विसरणारे मास्तर बेरीज विसरले नव्हते. प्रत्येक घावाचा आकडा त्यांनी कागदाच्या कडेला मांडून ठेवला होता. त्यांनी घड्याळ उचललं. तिला चिठ्ठी आठवली, पण तोवर उशीर झाला होता.

"एकशेऐंशी," त्यांनी वाचलं. "आणि माझी बेरीज एकशेबारा."

त्यांनी चिठ्ठी टेबलाच्या मधोमध ठेवली.

"मास्तर, अहो, खेळच तर आहे," घड्याळवाला पुटपुटला.

"तू गप रे." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. आवाज चढला नव्हता, म्हणूनच तिला जास्त लागला. "पोरी, दुकानात रोग्याला न विचारता औषध अर्धं करतेस का?"

"नाही, मास्तर."

"मग इथं का केलंस? बाहेर सगळे मला सांभाळूनच घेतात. मुलगी दूध गार करून देते. एवढं एक टेबल होतं जिथं मी पडू शकत होतो." त्यांनी छत्री उचलली. "मी आता येणार नाही."

ती मागोमाग पायरीपर्यंत धावली. "मास्तर, तो नाग मेलेला नाही. पुढच्या रविवारी तो पुरा एकशेऐंशीचा असेल. फासे उघड्यावर टाकीन. शब्द देते."

"आणि मी पुन्हा विसरलो तर?"

मास्तर उन्हात हळूहळू लहान होत गेले.

रोज पहाटे ती दिवा लावून बसायची आणि तो विझेपर्यंत बोलायची नाही. कित्येक वर्षांचा नेम होता. त्या आठवड्यात मौनातही नागच येऊन बसला. डोळे मिटले की ती खिंडीत उभी असायची. खडक ओले, वारा थंड, नाग हलत नव्हता. सोमवारी तिनं त्याला हात जोडले. बुधवारी त्याच्याकडे पाठ केली. शनिवारी ती सहज खाली वाकली आणि तळवा जमिनीवर टेकवला. जमीन गुणगुणत होती. कुणीतरी कधीतरी उच्चारलेला शब्द खडकांत अजून फिरत होता, विरायला तयार नव्हता.

दिवा विझला तेव्हा ती हसत होती. जमिनीला हात लाव. दादा, एवढंच होतं होय रे!

तिनं कागद पसरला आणि नागाला हात न लावता खिंडीवर खडकाचं छत रेखाटून तिची गुहा केली. कडेला लिहिलं: इथं उच्चारलेला शब्द पुढच्या फेरीत एकदा परत घुमतो. वैद्यानं एका फेरीत जखम भरली आणि दुसरीत त्याला काही आठवलं नाही, तरी त्याचाच शब्द परत येऊन जखम भरणार. पण नागाचा फूत्कारही तसाच परत येणार. गुहा कुणाचीही बाजू घेत नव्हती. तिनं तीनतीनदा हिशेब मांडून पाहिला. मास्तर जिंकू शकत होते. हरूही शकत होते. चिठ्ठीवर तिनं पुन्हा लिहिलं, एकशेऐंशी.

रविवारी दुपारी वहिनीचा फोन आला. "घड्याळवाला विचारतोय, मास्तरांची खुर्ची मांडू का?"

"मांडायला सांग."

"येतो म्हणालेत का ते?"

"नाही म्हणालेत," ती म्हणाली. "तरी मांडायला सांग."

तिनं नकाशाची गुंडाळी काखेत घेतली, फासे पदराच्या टोकाला बांधले. पुठ्ठ्याचा आडोसा कपाटावर होता. तो तिनं तिथंच राहू दिला. मग हलकेच दार ओढून घेतलं आणि दुकानाचा रस्ता सोडून ती मास्तरांच्या घराकडे चालू लागली.