मंगळवारची मुलगी

मित्रांनो, मी केस कापायच्या दुकानातली एक जुनी फिरती खुर्ची आहे. आयुष्यभर मी दुसऱ्यांना बसवले, आता मीच कोपऱ्यात बसून आहे.

माझे पाय ओतीव लोखंडाचे आणि अंगावर लाल कातडे. लहान मुलांना उंच बसवण्यासाठी माझ्या हातांवर आडवी टाकायची एक फळीही कारखान्यातून माझ्याबरोबर आली. गिऱ्हाईक बसले की दोन मिनिटांत पेंगायला लागे. "खुर्ची आहे की पाळणा!" असे लोक म्हणत आणि मी मनातल्या मनात फुलून जाई.

माझे मालक हाताने कसबी, पण मनाने फार कच्चे. मिशी उडवायची झाली तरी गिऱ्हाइकाला तीनदा विचारत. त्यांची बायको समोरच्या चष्म्याच्या दुकानात चौकटींमध्ये भिंगे बसवायची. लग्नाला दहा वर्षे झाली होती. दुपारी डबा घेऊन आली की ती विचारायची, "अहो, आपण मुलाचं काय ठरवायचं?"

"पुढच्या वर्षी बघू," मालक म्हणत. एकदा धीर करून त्यांनी खरे ते सांगितले, "केस वेडेवाकडे कापले गेले तर महिन्याभरात पुन्हा वाढतात गं. मूल वाढवताना चुकलो तर?"

ती हसली. "मग दोघं मिळून चुकू," ती म्हणाली. तरी मालकांचे मन घट्ट होईना.

आता माझे गुपित सांगते. मला उजवीकडे तीन गिरक्या दिल्या की मी बसणाऱ्यासकट दहा वर्षे पुढे जाते आणि पुन्हा तीन दिल्या की जिथून निघाले तिथे परतते. हे मलाही ठाऊक नव्हते. एका मंगळवारी, दुकान बंद असताना, मालक कंटाळून माझ्यात बसले आणि त्यांनी गंमत म्हणून गिरक्या घेतल्या. डोळे उघडले तर दुकान तेच, पण भिंतींना हिरवा रंग आणि समोर दप्तर अडकवलेली सहा वर्षांची एक मुलगी.

"बाबा, तुमचं पोट कुठे गेलं?" तिने विचारले.

मालकांची बोबडी वळली. सतत काहीतरी गुणगुणायची म्हणून घरी तिला भुंगी म्हणत, हे तिनेच त्यांना सांगितले. दहा वर्षांनी मोठे असलेले बाबा मंगळवारी दुपारी घरी झोप काढत. आई कामावर असे. शाळा सुटली की भुंगी किल्ली घेऊन दुकानात खेळायला येई.

त्यानंतर मालकांचा एकही मंगळवार चुकला नाही. भुंगीला फळीवर बसवून ते तिच्या वेण्या घालत. पहिली वेणी अशी झाली की ती आरशात पाहून म्हणाली, "बाबा, ही शेपटी आहे." मालक हसून हसून खाली बसले. तिला पाढे येत नसत, मालकांनाही येत नसत. दोघे मिळून चुकीचे पाढे मोठ्याने म्हणत.

या गडबडीत एकदा गंमत झाली. दाढी करताना मालकांनी मला जरा जोरात फिरवले आणि पोस्टातले कारकून तोंडावरच्या फेसासकट दहा वर्षे पुढे गेले. तिथे बाकावर टक्कल पडलेला एक माणूस वर्तमानपत्र वाचत बसला होता. ते स्वतःच होते! मीही घाबरले आणि आणखी तीन गिरक्या खाऊन त्यांना परत आणले. पुढे कित्येक महिने ते मालकांना म्हणत, "केसांना हात लावू नका हो. आहेत तोवर राहू द्या."

पण मित्रांनो, एक गोष्ट मला आतून कुरतडत होती. मालकांना लेक मिळाली होती. तिची जागरणे नाहीत, तापाची काळजी नाही, चुकण्याची भीती नाही. आणि समोरच्या दुकानातली बाई अजून विचारत होती, "अहो, कधी?" मालक आता हसून सांगत, "होईल गं, नक्की होईल." त्यांनी तिला एका शब्दानेही काही सांगितले नव्हते. ती हल्ली डबा ठेवून लगेच निघून जाई.

भुंगी सातची झाली, आठची झाली, नऊची झाली. दहा वर्षे पुढच्या जगात ती नऊ वर्षांची होती. म्हणजे आमच्या इथे वर्षभरात तिचा जन्म व्हायलाच हवा होता. लोखंडाच्या खुर्चीला हे कळत होते, मालकांना कळले नाही. त्या वर्षी बायकोने शेवटचे विचारले. मालक म्हणाले, "पुढच्या वर्षी." त्यानंतर तिने विचारणे सोडून दिले.

आणि एका मंगळवारी भुंगी आलीच नाही. भिंती हिरव्या नव्हत्या. बाकावर एक थकलेला माणूस बसला होता, मालकच, दहा वर्षांनी म्हातारे.

"तू येणार हे माहीत होतं," तो म्हणाला. "ती जन्मलीच नाही रे. मी अजूनही दर मंगळवारी दार उघडून बसतो. तू परत जा आणि तिच्या आईला खरं सांग."

मालकांनी सांगितले. आधी बायकोला खरेच वाटेना. मग ती माझ्यात बसली आणि जाऊन भुंगीविना रिकामे दुकान पाहून आली. दोघे डॉक्टरांकडेही गेले. "उशीर झाला," डॉक्टर म्हणाले.

"चार वर्षं तुम्ही तिच्या वेण्या घातल्यात," ती मालकांना म्हणाली, "आणि मला पलीकडे दुसऱ्यांच्या चष्म्यांत भिंगं बसवत ठेवलंत?"

मग तीच उठली आणि मला डावीकडे ढकलू लागली. मागे जाता आले तर! मालकांनी माझा दुसरा हात धरला. तेल घातले, हातोडी आणली, दोघे घामाघूम झाले. मीही अंगातले सगळे बळ लावले हो. पण मी फक्त उजवीकडे फिरणारी. कट् असा आवाज झाला आणि माझा मधला दांडा तुटला. दोघे तसेच माझ्या हातांना धरून रडत राहिले.

ती घर सोडून गेली नाही. पण हसणेही घरात परत आले नाही. दुकानात नवी खुर्ची आली आणि मी मागच्या खोलीत बादल्यांशेजारी आले.

दर मंगळवारी ती येऊन माझ्यात बसते. मालक तिला भुंगीच्या गोष्टी सांगतात. त्या केव्हाच संपल्या, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सांगतात. परवा तिने विचारले, "माझ्याबद्दल काही बोलायची का हो? मी आई म्हणून कशी होते?"

मालकांनी मान खाली घातली. "मी कधी विचारलंच नाही गं. मी बाप म्हणून कसा आहे, एवढंच बघत राहिलो."

मला उत्तर ठाऊक आहे. एकदा मालक तिच्यासाठी खाऊच्या गोळ्या आणायला गेले असताना भुंगीने दाढीचा साबण हुंगला आणि मला सांगितले, "आईच्या हातांना भिंगं धुवायच्या साबणाचा वास येतो. तो माझा सगळ्यांत आवडता वास आहे."

त्या बाईचे तेच हात माझ्या हातांवर होते आणि मला बोलता येत नव्हते.

मित्रांनो, मी लोखंडाची आहे, मला गप्प राहावेच लागते. तुम्हाला नाही. तुमच्या मनातली भीती, तुमचा आनंद, जे काही असेल ते घरच्या माणसाला आजच सांगा. ते माणूस तुमच्याकडे बघत, वाट पाहत असते.