लेकीचं ‘हो’

चष्म्यांचं दुकान विकून तीन वर्षं झाली, तरी गल्लीत सगळे त्यांना चष्मेवालेच म्हणत. बायको गेलेली, लेक विमानानं जावं लागेल इतकी लांब. घरात बोलायला होता फक्त रेडिओ, आणि तोही आपलंच घोडं पुढे दामटणारा.

मागच्या वर्षी कुणा भामट्यानं त्यांच्या कार्डाचा नंबर चोरून परगावात टायर घेतले. कार्ड लेकीच्या खात्याचं, त्यामुळे ती हादरलीच. तिनं कार्डावर पहारा बसवला. चष्मेवाल्यांनी कुठंही कार्ड लावलं की आधी तिच्या फोनवर वस्तूच्या नावासकट विचारणा जायची, तिनं ‘हो’ दाबलं की मगच दुकानातलं मशीन पावती काढायचं.

दुसऱ्या कुणाला ही कटकट वाटली असती. चष्मेवाल्यांना मात्र घबाड मिळालं. लगेच ‘हो’ आलं, की पोरगी निवांत आहे. उशीर झाला, की कामात गळ्यापर्यंत बुडालीय. कधी चक्क फोनच यायचा, "बाबा, एका आठवड्यात तिसरं नेलकटर?" मग काय, रोज एक खरेदी ठरलेली. साबण, सेल, सुतळी. आता एवढ्या सुतळीनं बांधायचं तरी काय, देव जाणे.

आणि एका सकाळी कार्ड लावताक्षणी पावती बाहेर. पाठोपाठ चष्मेवाल्यांच्या फोनवर मेसेज आला, तो दुकानदारानंच वाचून समजावला. "काका, तुमच्या सवयी बँकेच्या मशीनला पाठ झाल्यात. आता लेकीला त्रास नाही." चष्मेवाले हसले, बाहेर आले आणि सुतळीचा गुंडा घेऊन पायरीवर बसून राहिले.

आठ दिवस हेच. आपण होऊन फोन करावा, तर ती विचारणार, "काही काम होतं का?" आणि काम तर काहीच नव्हतं.

नवव्या दिवशी त्यांनी बस पकडली आणि पोहण्याच्या सामानाचं दुकान गाठलं. गुडघाभर पाण्यात पाय लटपटणारा हा माणूस. तिथली सगळ्यांत मोठी रबरी होडी उचलून त्यांनी कार्ड पुढे केलं. मशीन अडलं. तेवढ्यात चष्मेवाल्यांचा फोन वाजला.

"बाबा, कार्ड कुठंय तुमचं? कुणीतरी त्याच्यावर होडी घेतंय. मी बंद करतेय."

"नको करू. मीच घेतोय."

"तुम्ही? होडी? कशाला?"

काउंटरवरची बाई बघत होती. थाप मारता आली असती.

"तू विचारावंस म्हणून," चष्मेवाले म्हणाले. "फार एकटं वाटतं गं."

 लेकीचा आवाज अगदी मऊ झाला. "बाबा, मी ते परत पहिल्यासारखं करून टाकते हं. प्रत्येक वेळी मलाच विचारेल. चालेल?"

त्यापेक्षा नुसता फोन करत जा, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण जास्त मागायला गेलं, तर देतेय तेवढंही हातचं जायचं.

"चालेल," ते म्हणाले.

तिनं फोन ठेवला, ‘हो’ दाबलं, आणि मशीननं होडीची पावती काढली.