रिकाम्या गाडीतला गुळाचा वास

"आ कर. अजून. आता फुंक मार."

भर बाजारात, दुकानाच्या पायरीवर उभ्या असलेल्या मालकाच्या नाकापुढे सयाजीने तोंड उघडले आणि फुंक मारली. बाळासो मालकांनी मान मागे घेऊन वास घेतला. तंबाखू आणि सकाळची भाकरी, यापलीकडे त्या तोंडात काही नव्हते. खरे तर कधीच नव्हते. लष्करात ड्रायव्हर असताना रमचा वाटा मिळायचा, तोही हा गडी दुसऱ्याला देऊन बदल्यात साखर घ्यायचा. पण हे आता कऱ्हाडात कोणाला सांगणार?

"आज वास न्हाई," मालक म्हणाले, "म्हून कवाच नसतो असं न्हवं. ह्या महिन्यात दोनदा गाडी रस्त्याखाली गेली. एकदा बाभळीवर, एकदा वढ्यात. लोक मला हसत्यात, सयाजी."

"मालक, गाडीत बसलं की कानशिलं ठणकत्यात. मंग डोळं मिटाय लागत्यात. मलाच कळत न्हाई."

"रातच्याला घेतली की सकाळी ठणकायचंच."

विषय मिटला. आजपासून गाडी गुंडा नावाचा तरणा पोरगा चालवणार होता. सयाजीने नुसते शेजारी बसायचे, सांगलीहून पेंडीची पोती भरून आणायची, वाटेत म्हाताऱ्या गाडीच्या खोडी गुंडाला दाखवायच्या, आणि परत आल्यावर घरी जायचे ते कायमचेच.

गाडी म्हणजे लष्कराने मोडीत काढलेला ट्रक, लिलावातून आणलेला, पेट्रोलवर चालणारा. रस्त्यावर नव्या डिझेलच्या गाड्या धावत होत्या आणि ही आपली खोकत, कुंथत गुळाच्या ढेपा सांगलीच्या पेठेत पोचवत होती. तिचे सगळे रुसवेफुगवे सयाजीने काढले होते. नोकरी जाण्याचे दुःख होतेच, पण त्याहून जास्त झोंबले होते ते घरचे. बायको राहीबाई त्याला एका शब्दाने बोलली नव्हती. फक्त शेजारणीशी बोलताना नवरा दारात आला, की ती घाईघाईने विषय बदलायची. इतक्या वर्षांच्या संसारानंतर आपण पीत नाही याची बायकोलाही खात्री वाटू नये, याने तो आतून पार खचला होता.

गाडी मलकापूर सोडून पुढे निघाली. पौषातली बोचरी सकाळ होती. ड्रायव्हरकडच्या खिडकीची काच कधीच गेलेली, तिथे थंडीसाठी पोते ठोकले होते. सयाजीच्या बाजूची खिडकी उघडीच होती. तो रागाने तोंड बाहेर काढून वारा खात बसला. गुंडाचे थोबाड बघायची त्याची इच्छा नव्हती.

गुंडा पोरगा वाईट नव्हता, पण नवी नोकरी मिळालेला माणूस जसा वागतो तसा वागत होता. शीळ घालून झाल्यावर म्हणाला, "तात्या, राग नगा मानू. पर घ्यायचीच तर बेतानं घ्यावी की. समदेच घेत्यात."

सयाजीने दात आवळून तोंड आणखी बाहेर काढले.

इस्लामपूर मागे पडले. तंबाखू मळायला म्हणून त्याने तोंड आत घेतले, आणि त्याला खमंग वास आला. काहिलीतून गूळ नुकता उतरवावा तसा ताजा, गरम वास. सवयीने तो तंबाखू मळू लागला आणि मधेच त्याचा अंगठा थांबला. त्याने मागे वळून पाहिले. हौदा रिकामा होता. पेंड भरायची म्हणून कालच त्याने तो धुऊन काढला होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कुठे गुऱ्हाळही नव्हते.

मग हा गूळ कुठला?

दिवाळीत धुराचा पाइप इंजिनाजवळ फुटला होता. गाडी इतकी बोंबलायची की गावातली कुत्री मागे लागायची. मलकापूरच्या हरिबा मिस्त्रीने फुटलेल्या जागी दोरी गुंडाळून वर गूळ आणि चुन्याचा जाड लेप दिला होता. "गूळ-चुन्यात किल्ले हुबे हायती, गड्या, तुझा पाइप काय घेऊन बसलास!" आवाज बसला, मालक खूश झाले. तेव्हापासून गाडीत गुळाचा वास यायचा. गुळाच्या गाडीत गुळाचा वास आला तर कोण चौकशी करतो?

लेप तापून तडकला होता. ड्रायव्हरच्या पायाशीच पाइपातला विखारी धूर आत येत होता. लष्करात असताना थंडीच्या रात्री इंजिन चालू ठेवून, खिडक्या लावून झोपलेले दोन जवान सयाजीने पाहिले होते. सकाळी ते उठले नव्हते. स्टेअरिंगवर बसलेल्या माणसाला स्वतःच्या मिटत्या पापण्या दिसत नाहीत, म्हणून हे त्याच्या इतके दिवस ध्यानात आले नव्हते. आज पहिल्यांदाच तो शेजारी बसून बघत होता.

त्याने गुंडाकडे पाहिले. गुंडाची शीळ बंद पडली होती. मान खाली गेली, झटक्याने वर आली.

सयाजीने हाक मारायला तोंड उघडले, आणि मारली नाही.

समोर उसाच्या बैलगाड्यांची रांग होती, पण बरीच लांब. सयाजीच्या मनात आले, जाऊ दे की खाली. तरणाताठा पोरगा, सकाळची वेळ, लख्ख उजेड. होऊ दे त्याचीही गाडी वावरात, मग बघू बाळासो कोणाच्या तोंडाचा वास घेतात ते. गुंडाची मान पुन्हा खाली गेली. सयाजी बघत राहिला. गाडी रस्त्याच्या कडेला ओढू लागली. तो अजूनही बघतच राहिला. मग शेवटच्या बैलगाडीत, उसाच्या वर, डोक्याला फडके बांधून झोपलेली बाई त्याला दिसली.

"गुंड्या!"

गुंडाला ते ऐकूच गेले नाही. त्याचा पाय ॲक्सिलरेटरवर दगडासारखा दाबलेला. सयाजीने स्टेअरिंगवर झेप घातली, लाथेने त्याचा पाय उडवला, चावी बंद केली, हँडब्रेक ओढला. ट्रक बैलगाडीच्या चाकाला घासून बांधावर चढला आणि थांबला. ऊस कोसळला, त्याबरोबर ती बाईही रस्त्यावर आली.

सयाजीने गुंडाला काखेत धरून बाहेर ओढले. तो तिथेच ओकला. गाडीवान जोतीराम धावत आला आणि त्याने गुंडाची कॉलर धरली. "प्यालाय भाड्या! सकाळच्या पारी!"

"गुळाच्या दारूचा वास बी येतोय की," मागून कोणीतरी म्हणाले.

गुंडा रडकुंडीला आला. "तात्या, आईशपथ! म्या थेंब न्हाई घेतला."

"मला ठाव हाय," सयाजी म्हणाला.

महिनाभर हे तीन शब्द त्याला कोणाकडून तरी ऐकायचे होते.

"सोड त्येला," तो जोतीरामला म्हणाला. "एक वलं पोतं दे. दावतो."

सायलेन्सरच्या तोंडात त्याने ओले पोते कोंबले, पायाखालचा पत्रा उचलून ठेवला आणि इंजिन सुरू केले. बाहेर जायची वाट बंद झाल्यावर धुराने आपली वाट दाखवली. काळ्या पडलेल्या लेपाच्या भेगेतून फुसफुस करत तो वर आला.

जोतीराम वाकला. "आयला, गूळ!"

"गुळाचा वास कळतोय. त्याच्यासंगं जे येतंय, त्येला वास न्हाई. त्येच झोपवतंय." त्याने इंजिन बंद केले.

जोतीरामने स्वतःच गुंडाला पाणी दिले. पाणी पिऊन गुंडाचा रंग जरा परतला, तसा तो उठून आला. "तात्या, मालकाला म्या सांगतो. साऱ्या बाजारात वरडून सांगतो. लय वंगाळ बोललो तुमाला."

म्हणजे नाव धुऊन निघाले होते. सयाजीला आनंद व्हायला हवा होता. पण त्याची नजर रस्त्याकडेला बसलेल्या त्या बाईवर होती. मोडलेला हात मांडीवर घेऊन ती निमूट बसली होती, आणि जोतीराम फडक्याने तो बांधत होता.

"तुमी नसता तर म्या आज मेलो असतो बगा," म्हणत गुंडा त्याच्या पायांवर वाकला.

सयाजीने पाय मागे घेतले.

"नगं."

गुंडाला वाटले, मोठा माणूस आहे, संकोचतो. तो पुन्हा वाकला. सयाजी आणखी मागे सरला, आणि हौद्याच्या फळीला पाठ टेकेपर्यंत सरतच राहिला.