मंजूर झालेला रविवार

मी चौक बोलतोय, आणि आज चढ्या आवाजातच बोलणार आहे. गेली पाच वर्षं लोक माझ्यावर उभे राहून "किती सुंदर, किती सुंदर!" म्हणताहेत. आता माझं डोकं उठलंय.

एल्बे नदीपासून हाकेच्या अंतरावर, सॅक्सनीतल्या एका लहान शहराच्या मधोमध मी पसरलोय. बारोक शहराचा बारोक चौक, म्हणजे जुन्या, नक्षीदार, भपकेबाज शैलीतला, असं माझ्याबद्दल छापून येतं. खरं आहे ते. तीनशे वर्षांपूर्वी जुनं गाव जळून गेलं, तेव्हा इथल्या संस्थानिकाने ते नव्याने, थाटामाटात बांधायला काढलं. पण माझी आखणी ज्या गवंड्याने केली, त्याने राजवाड्याकडे पाठ केली होती. आधी त्याने भाजीवाल्या आणि मासेवाल्या बायकांना बोलावलं. "तुमची फळकुटं मांडा," म्हणाला. मग मधून समोरासमोर दोन गाड्या हाकायला लावल्या. त्या एकमेकींना न घासता गेल्या, तेव्हा कुठे त्याने दोरी ताणून चुना टाकला. माझी रुंदी अशी ठरली. मला मध्ये थोडा उंचवटा दिला आणि दोन्ही अंगांना उतार, म्हणजे माशांचं खारं पाणी आणि कोबी धुतलेलं पाणी वाहून जाईल. मी बाजारासाठी जन्माला आलो. आठवड्याचे सहा दिवस बाजार, रविवारी विश्रांती. चर्चच्या घंटा वाजायच्या, सगळी दारं-खिडक्या बंद, आणि मला एक दिवस पाठ मोकळी करायला मिळायची.

अशाच एका रविवारी तो चित्रकार आला. संस्थानिकाने त्याला राजवाड्याचं चित्र काढायला सांगितलं होतं. शनिवारी येऊन तो वैतागून परत गेला होता, कारण बाजाराच्या छपरांमुळे राजवाड्याचं दार दिसेना. म्हणून रविवारी आला. त्याने जे समोर दिसलं ते इमानाने काढलं. त्याच्यावर माझा राग नाही.

मग दुसरं महायुद्ध आलं. त्याच्या शेवटच्या वसंतात एका रात्रीत माझ्या चारही बाजू जळाल्या. त्याबद्दल मी जास्त बोलत नाही. माझ्यावर विटांचे डोंगर पडले होते. बायका रांग करून त्या विटा हाताने उपसत, हातोडीने त्यांचा चुना झाडत. त्यांतली एक, हेडविग हेम्पेल, दुसऱ्या वर्षी एक जळकं दार घेऊन आली. विटांच्या दोन ढिगांवर ते आडवं टाकलं आणि त्यावर सलगम मांडले. भोवती एकही घर उभं नव्हतं, पण बाजार उभा राहिला. पुढे त्याच जागी तिची मुलगी गुड्रून बसू लागली. चाळीस वर्षं बसली. मुळे, नवलकोल, बीट आणि पिंपातल्या आंबवलेल्या काकड्या. सगळे तिला हेम्पेलबाई म्हणतात. जीभ तिखट, वजन सढळ.

साम्यवादी राजवट गेली, तेव्हा शहराला आपलं जुनं रूप परत आणायची हौस आली. मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू? किती वर्षं मी उघडाबोडका पडलो होतो! त्या कामावर डॉक्टर आस्मुस नावाचे वास्तुतज्ज्ञ नेमले गेले. उंच, नेटके, कधी आवाज न चढवणारे. जुने नकाशे जळाले होते, राहिलं होतं ते एकच, संग्रहालयातलं रविवारचं चित्र. डॉक्टरांनी त्यावरून खिडक्या मोजल्या, छपरांचे कोन काढले. चित्रात आहे ते सगळं उभं करायचं, चित्रात नाही ते काही ठेवायचं नाही, असा नियम झाला. चित्रात उतार दिसत नाही म्हणून मला सपाट केलं. आता पाऊस पडला की पाणी सरळ लोकांच्या उंबऱ्यात शिरतं. भिंती आतून काँक्रीटच्या, वरून दगडाच्या. माझ्या पोटाखाली मोटारी ठेवायचं तळघर खणलं. चित्रात तेही नव्हतं, पण ते दिसत नाही, म्हणून चाललं.

आणि चित्रात बाजार नव्हता.

काम चालू असताना ते चित्र घराएवढं मोठं छापून परांचीवर, म्हणजे बांधकामासाठी उभारलेल्या सांगाड्यावर, टांगलं होतं. नेमकं हेम्पेलबाईंच्या दुकानासमोर. दोन वर्षं गिऱ्हाईक नसेल तेव्हा बाई ते बघत बसायच्या. एके दिवशी डॉक्टर आस्मुस स्वतः आले आणि म्हणाले, "बाई, या महिनाअखेर दुकानं हलवायची आहेत. बस आगाराच्या मागच्या मैदानात सोय केलीय."

"का हो? मी काय घाण करते?"

"तसं नाही. मूळ आराखड्यात हा चौक मोकळा आहे. इथे लोक हवा खायला येत."

"हवा खायला?" बाईंनी हातातला मुळा चित्रावर रोखला. "काखेत भजनाचं पुस्तक घेऊन? नीट बघा डॉक्टरसाहेब. ती काळ्या कपड्यातली बाई बघा, तो म्हातारा बघा. प्रत्येकाच्या काखेत पुस्तक आहे. सगळ्या दुकानांच्या झडपा बंद. अहो, हा रविवार आहे! रविवारी कोण बाजार मांडेल?"

काकड्या घ्यायला आलेले टिल्शर आजोबा खो खो हसले. "म्हणजे डॉक्टर, तीनशे वर्षं आपले पूर्वज फक्त हवाच खात होते म्हणायचे!"

"चित्र हा पुरावा आहे," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "तुमचं ते अनुमान झालं."

"चित्रात संडासही नाही," बाई म्हणाल्या. "त्याचं काय अनुमान काढलंत?"

आजूबाजूची दुकानं हसली. डॉक्टर मात्र हसले नाहीत. ते चित्राजवळ गेले, चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत राहिले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, जिंकली माझी बाई!

"रविवार असेल," ते हळूच म्हणाले. "बहुतेक आहेच. पण आराखडा मंजूर झालाय. एकदा मंजूर झालेलं उघडायचं म्हणजे चार खात्यांच्या सह्या पुन्हा, तज्ज्ञ पुन्हा, सुनावणी पुन्हा."

"म्हणजे चूक आहे हे कळलं तरी?"

"मंजूर झालाय तो रविवारच, बाई. मी काय करू?"

हे ऐकलं आणि माझ्या दगडाखालची माती तापली. नकळत चूक करणाऱ्याला मी माफ केलं असतं. बॉम्ब टाकणाऱ्याने निदान मी कोण हे पाहिलं नव्हतं. या माणसाने पाहिलं, ओळखलं, आणि शाई वाळलीय म्हणून गप्प बसला! आणि गावही गप्प बसलं. हसलेल्यांपैकी एकानेही अर्ज लिहिला नाही. कागदावर शिक्का असला की इथली शहाणी माणसंसुद्धा मान खाली घालतात.

बाजार गेला. आगारामागच्या मैदानात वारा फार, आणि हेम्पेलबाईंची अर्धी गिऱ्हाइकं काठी टेकत चालणारी. टिल्शर आजोबांना तेवढं अंतर झेपत नाही. ते आता डब्यातली काकडी खातात आणि शिव्या देतात. एका शनिवारी मात्र बाई मुळ्यांची टोपली घेऊन सरळ माझ्यावर, आपल्या जुन्या जागी येऊन उभ्या राहिल्या. चौकाचा रखवालदार धावत आला.

"बाई, इथे टोपली ठेवायला मनाई आहे."

"उभं राहायला?"

त्याने वही काढून पाहिली. "उभं राहायला मनाई नाही."

"मग मी उभी आहे."

टोपली हातात धरून बाई तासभर उभ्या राहिल्या. सत्तरीला टेकलेली बाई! मुळे घेऊन जाणारे घेऊन गेले, बाईंचे दंड थरथरत होते, पण टोपली त्यांनी मला टेकू दिली नाही. मी खाली होतो. सगळं वजन घ्यायलाच तर मला घडवलं होतं, आणि मला काही करता येत नव्हतं. त्यानंतर बाई आल्या नाहीत. खांदा गेला म्हणे. मैदानातली जागाही त्यांनी सोडून दिली.

आता मी रोज सकाळी यंत्राने पुसला जातो. लोक येतात, माझा फोटो काढतात, आणि बसायला काही नाही म्हणून निघून जातात. लग्नाची जोडपी येतात, कारण माझ्यावर डाग नाही.

लोकहो, तुम्हाला माझी इतकी काळजी असेल तर एवढं करा. सह्या पुन्हा करा. चार काय, चाळीस करा. मला उतार परत द्या. माझ्यावर कोबीची पानं सांडा, खारं पाणी ओता, भावावरून भांडा, गाडीच्या चाकांनी मला ओरखडे काढा. आणि आधी कुणीतरी हेम्पेलबाईंच्या घरी जा. त्यांना सांगा, टोपली खाली ठेवायला जागा आहे. जागेची हरकत नाही, जागेने स्वतः सांगितलंय.