प्रवाहात टाकलेला डायपर

संध्या उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात धागे कापायची. घरामागच्या नाल्याचं पाणी कधी निळं, कधी काळं असायचं. त्यामुळे तिचा भाऊ राजेंद्रदादा बायको-बाळासोबत तिलाही बदलापूरपुढच्या राखीव जंगलात धबधबा बघायला नेतो म्हणाला, तेव्हा तिने पहाटेच उठून डबे भरले.

चौकीवर वनरक्षकाने विचारलं, "प्लास्टिक, दारू काही आहे?"

"नाही साहेब," दादा म्हणाला. बाटल्या सीटखाली होत्या.

धबधबा छान होता, पण पायाखाली बघवत नव्हतं. काचा, वेफर्सची पाकिटं, खडकावर कुणीतरी ओकून ठेवलेलं. स्वप्नालीवहिनीने बाळाचा डायपर बदलला आणि दादाने तो सरळ प्रवाहात भिरकावला.

"दादा, हे काय केलंस?"

"जाईल वाहून. सगळेच टाकतात."

संध्या काठाने खाली धावली. थोड्या अंतरावर एका बाईने दगड रचून पाणी अडवलं होतं. दोन हंडे भरून ठेवले होते. डायपर तिथेच अडकून फुगला होता आणि बाई तो काठीने ढकलत होती.

"तुम्ही हेच पाणी पिता?"

"मग कुठलं पिनार, बाय? वाडीला दुसरं पानी नाय." बाईने दोन्ही हंडे ओतून दिले. तिचं नाव पुतळी.

संध्या पाण्यात उतरली. तिने तो लिबलिबीत गोळा हाताने उचलला, डब्याच्या पिशवीत कोंबला आणि चौकीवर नेला.

"कुणाचा?" वनरक्षकाने नाक दाबलं.

"माझ्या भावाने टाकला. ती पांढरी गाडी. सीटखाली बाटल्याही आहेत."

वनरक्षकाने बाटल्या काढून घेतल्या आणि दादाच्या हातात गोणी दिली. काठावरचा कचरा उचलल्याशिवाय गाडी सोडणार नाही, म्हणाला. दादा दोन बोटांनी पाकिटं उचलत होता. लोक मोबाईल काढून शूटिंग करत होते.

"सख्खी बहीण ना तू?" तो जवळ येऊन पुटपुटला.

"हो. म्हणून तर जास्त किळस येतेय."

गोणी भरल्यावर तो वहिनीला आणि बाळाला घेऊन निघून गेला. संध्यासाठी थांबला नाही.

ती पुतळीपाशी परत आली आणि तिने मातीने हात घासले. वास गेला नाही. पुतळी रिकामे हंडे उचलत होती.

"आता कुठून भरणार?"

"धबधब्याच्या वरून. चढ लय हाय."

संध्याने एक हंडा घेतला आणि तिच्या मागून चालू लागली.